घोरपडीचं पेटंट

माझा एक लेख इंग्रजीत भाषांतरित झाला आहे. आजवर तेवढा एकच. भाषांतर नेटकं होतं, खाली नोटरीचा गोल शिक्का होता, आणि ते माझ्या वडिलांच्या विरोधात पुरावा म्हणून जोडलेलं होतं. तुम्ही बरं लिहिता, मग छापायला का देत नाही, असं लोक मला विचारतात. मी काहीबाही बोलून वेळ मारून नेते. आता वय झालं, आबाही राहिले नाहीत, तेव्हा एकदा खरं काय ते सांगून टाकते.

आबा म्हणजे माझे वडील. अहमदपूरच्या पंचायत समितीत ते हातपंप दुरुस्तीचे मिस्त्री होते. हातपंप हा शब्द कागदावरचा, आमच्याकडे सगळे त्याला हापसाच म्हणतात. तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. ऑफिसातल्या जुन्या कागदांवर आधीच्या जिल्ह्याचं नाव निळ्या शाईने खोडून वर नवा शिक्का मारलेला असे. जिल्हा नवा, शिक्का नवा, दुरुस्ती-पथकाची जीप मात्र तीच, ढकलल्याशिवाय सुरू न होणारी. आणि दुष्काळ तर या सगळ्यांहून जुना. तो कोणत्या जिल्ह्यात येतोय हे बघून येत नाही.

हापसा बिघडतो म्हणजे काय, ते थोडं सांगावं लागेल. बोअरमध्ये दहा-दहा फुटांचे लोखंडी पाईप एकमेकांत आटे पिळून खाली सोडलेले असतात. पाणी खाली गेलं की पाईप वाढवायचे. पाईप वाढले की वजन वाढतं, आणि एक दिवस आटे तुटून खालचा सगळा भार बोअरच्या तळाला जाऊन पडतो. वर दांडा नुसता खडखडत राहतो. खाली पाणी आहे, वर गाव आहे, आणि मधला पाईप निघत नाही. गळ टाकून, दोर टाकून दोन दिवस खटपट करायची आणि नाही जमलं तर वहीत लिहायचं, ‘बोअर निकामी’. त्या उन्हाळ्यात आबांच्या वहीत हे दोन शब्द इतक्या वेळा लिहिले गेले की ते जेवताना ताट पुढे सरकवून नुसते बसून राहत.

आबा चौथीपर्यंत शिकलेले. लहानपणी गावात विहिरीत घागर पडली की लोक गळ टाकून ती काढायचे. आमच्या माणसांना त्या विहिरीच्या काठाशी जायची मुभा नव्हती, म्हणून आबा ते लांबून बघत. "लांबून बघितलं म्हणूनच नीट बघितलं," असं ते हसत म्हणायचे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे.

त्या हिवाळ्यात त्यांनी भंगारातून एक वस्तू तयार केली. एका रुंद पाईपचा वीतभर तुकडा, आतून खाली निमुळता होत गेलेला. त्यात ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या पोलादाचे तीन दात, खालीवर सरकणारे. दोरावरून बोअरमध्ये सोडली की ती पडलेल्या पाईपच्या डोक्यावर टोपीसारखी बसे. वर ओढलं की दात आवळत. पाईप जितका जड, तितके दात घट्ट. पहिल्याच दिवशी तिने सव्वाशे फुटांवरून सगळे पाईप वर आणले. पथकातल्या कुणीतरी तिला घोरपड म्हटलं आणि तेच नाव पडलं. एकदा चिकटली की सुटायची नाही.

त्या पहिल्या गावची गोष्ट आबांनी घरी सांगितली नाही, पथकाच्या ड्रायव्हरने सांगितली. पाईप निघाले, नवे आटे बसवले, हापसा सुरू झाला, पाणी आलं. चार दिवस टँकर नव्हता, बायका रिकाम्या घागरी घेऊन उन्हात बसल्या होत्या. एक म्हातारी पुढे आली, पहिली घागर भरली, आणि ती सगळीच्या सगळी हापशाच्या दांड्यावर ओतून दांडा धुतला. मग बाकीच्यांनी भरायला सुरुवात केली. आबा जीपमध्ये बसून हात पुसत होते. "चला," एवढंच म्हणाले.

हे ऐकून मी रडले, चिडले, दोन वेळा जेवले नाही. आबांनी मला समजावलं नाही. ते म्हणाले, "मला एकच पायजे, माय. कुठं तरी सरकारी कागदावर लिवून येऊ दे की ही वस्तू ह्या माणसानं केली. बाकी कोण काय धुतंय ते धुऊ दे." आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी वेशी राखल्या, मेलेली ढोरं ओढली, दोर वळले. त्यातल्या कशावरच कधी कुणाचं नाव लागलं नाही. आबांना ते नाव हवं होतं, दुसरं काही नाही.

मी तेव्हा नांदेडला बी.एस्सी. करत होते, समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून. सुट्टीत घरी आले तर आबा अस्वस्थ. ऑफिसातल्या एका साहेबाने घोरपड टेबलावर ठेवून घेतली होती, मापं लिहून घेतली होती आणि वर पाठवायच्या अहवालात ‘आमच्या विभागाने विकसित केलेले साधन’ असं लिहिलं होतं. आबा म्हणाले, "त्यांच्या आधी आपलं छापून आलं पायजे. तू लिव. चित्र काढ. एकदा छापलं की कुणाचा बाप न्हाई म्हणू शकणार न्हाई."

हे आमच्या लोकांचं खास वेड आहे, आणि मी त्याला हसणार नाही. इतरांकडे सातबारा असतो, वाड्यावर आजोबांची तसबीर असते. आमच्याकडे छापील कागद असतो. छापलेलं खोडता येत नाही, अशी आमची श्रद्धा. म्हणून एप्रिलातल्या जयंतीला प्रत्येक तालुक्यात स्मरणिका निघते. निळं मुखपृष्ठ, आत वंदना, समितीची यादी, दहावी-बारावी पास झालेल्या पोरांचे फोटो, कुणाला कुठे नोकरी लागली त्याची वार्ता आणि अर्ध्याहून जास्त पानं जाहिरातींची. रसवंतीवाल्यापासून सायकल दुकानापर्यंत सगळ्यांच्या हार्दिक शुभेच्छा.

त्या वर्षीच्या स्मरणिकेत माझा दोन पानी लेख आला. मी जीव ओतून लिहिला होता. चित्र तर मी आठ दिवस काढत होते. घोरपड समोर ठेवून, व्हर्निअरने मोजून, उभा छेद, आडवा छेद, दातांचा उतार, सगळं मापासकट. खाली माझं नाव. आबांनी अंक हातात घेतला, पान उघडलं आणि चित्रावरून बोट फिरवलं. तो अंक त्यांनी आपल्या खाकी कापडी पिशवीत ठेवला, पान्हे, ग्रीसची डबी आणि भाकरीच्या फडक्याबरोबर. त्यानंतर ते जिथे जिथे हापसा दुरुस्त करायला गेले तिथे तिथे तो अंक गेला. सरपंचाला दाखव, मास्तरला दाखव. भोकरच्या पथकाने घोरपड मागून नेली, तेव्हा तिच्यासोबत अंकही पाठवला. दोन्ही परत आले, अंकाला ग्रीसची बोटं लागून.

ज्यांनी जाहिरात दिली त्यांना अंक पोचवायचा, ही समितीची रीत. लातूरचे अंक माझ्याकडे आले, कारण मला तिकडे मावशीकडे जायचं होतं. त्यात एक वर्कशॉप होतं, टँकरच्या टाक्या बांधणारं. दुष्काळात त्यांचं बरं चाललं होतं. मालकाने मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि ज्या कपात स्वतः प्यायला तसल्याच कपात मला दिला. हे मी मुद्दाम सांगते, कारण तेव्हा मला त्याचं अप्रूप वाटलं होतं. तो आपली जाहिरात शोधत पानं चाळत होता. माझ्या चित्रावर थांबला.

"हे कुणी काढलं?"

"मी."

"मापं बरोबर आहेत?"

"मिलिमीटरपर्यंत," मी म्हणाले. माझी मान ताठ झाली होती.

"शाब्बास," तो म्हणाला आणि अंक ड्रॉवरमध्ये ठेवला.

मे महिन्यात आबांनी घोरपडीत एक सुधारणा केली. एका बोअरमध्ये पाईप गाळात रुतून बसला होता. घोरपडीने तो धरला, पण पाईप निघेना आणि घोरपडही सुटेना. शेवटी दोर तोडून तिला तिथेच सोडावं लागलं. मग आबांनी नवी घोरपड केली, तिला एक आडवी खीळ बसवली. दोर उलटा पिळला की दात मोकळे होत. त्याला ते सोडणी म्हणायचे. "धरायला अक्कल लागत न्हाई," ते म्हणाले, "सोडायला लागती."

पेटंट हा शब्द आमच्या घरात माझ्यामुळे आला. कॉलेजातल्या माझ्या एका मैत्रिणीचे काका विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. त्यांना या अर्जांची माहिती होती. जूनमध्ये मी आबांना घेऊन त्यांच्याकडे गेले. अहमदपूरहून नांदेडला जाताना विष्णुपुरी वाटेतच लागतं. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि खांद्याला तीच खाकी पिशवी.

सर सज्जन होते. त्यांनी घोरपड हातात घेतली, दात खालीवर करून बघितले, मेजाच्या पायाला अडकवून ओढून बघितलं. सोडणी बघून तर उठून उभे राहिले. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?" आबा म्हणाले, "विहिरीनं." सर हसले. मग त्यांनी कागद घेतला आणि एकेक प्रश्न विचारायला लागले. कधी केलं, कुठे वापरलं. गावोगाव वापरलंय म्हटल्यावर म्हणाले, हरकत नाही, चाचणीसाठी वर्षभर असं वापरलेलं चालतं, तसं लिहू. मग त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "हे आधी कुठे छापून आलंय का? मासिक, पुस्तक, पेपर, काहीही?"

आबांचा चेहरा उजळला. याच प्रश्नाची ते वाट बघत होते. त्यांचा हात पिशवीत गेला.

मी त्यांचं मनगट धरलं.

सरांना ते दिसलं नाही, मेज मध्ये होतं. मी म्हणाले, "नाही सर. कुठेच नाही."

का म्हणाले? पेटंटचा कायदा मला माहीत होता म्हणून नाही. मला त्यातलं काडीचं ज्ञान नव्हतं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, कुणाचंही असू शकेल असं. आम्ही कोण ते मैत्रिणीला ठाऊक नव्हतं, तिच्या काकांनाही नव्हतं. ते आबांशी बरोबरीने बोलत होते, त्यांच्या घरून आलेल्या डब्यातला लाडू आबांपुढे ठेवलेला होता. आणि आता पिशवीतून ते निळं मुखपृष्ठ बाहेर येणार होतं, रसवंतीच्या शुभेच्छांसकट, ग्रीसच्या डागांसकट. मला लाज वाटली. शिवाय मनात असंही आलं की आपली स्मरणिका म्हणजे काय छापून येणं? ती कोण वाचतं? आपलीच माणसं. सर विचारताहेत ते खऱ्या पुस्तकांबद्दल.

आबांनी माझ्याकडे बघितलं, हात पिशवीतून काढला आणि लाडू उचलला.

अर्ज गेला. आबांच्या नावाने, त्यांच्या मोडक्या सहीने. पुढे तीन वर्षं आम्ही वाट बघितली, आणि ती तीन वर्षं आबांच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती. मुंबईहून एकेक पत्र यायचं, त्यावर आबांचं नाव टाईप केलेलं असायचं. पोस्टमन ते आईच्या हातात द्यायला गेला की आई हात पदराला पुसून घ्यायची. अर्ज स्वीकारल्याचं आणि राजपत्रात जाहीर झाल्याचं पत्र आलं, तेव्हा आबांनी जीपच्या पथकाला पेढे वाटले. मी म्हटलं, आबा, अजून चार महिने आहेत, त्यात कुणी हरकत घेऊ शकतं. आबा म्हणाले, "कोण घेतंय? लोक पाणी हुडकून राहिलेत, मी काय त्यांच्या ताटातलं घेतलं का?"

हरकत आली. लातूरच्या वर्कशॉपची. एव्हाना त्यांच्या घोरपडी जिल्हाभर गेल्या होत्या, हिरवा रंग दिलेल्या, अंगावर वर्कशॉपचा ठसा मारलेल्या. नवा जिल्हा, नवी खरेदी. आबांच्याच ऑफिसात तशा सहा आल्या होत्या आणि आबांनी त्या सही करून ताब्यात घेतल्या होत्या. "येऊ दे," ते म्हणाले होते, "पेटंट आलं की ठसा बदलंल."

मी तेव्हा अहमदपूरलाच शाळेत शिकवत होते. रजिस्टरचा जाड लिफाफा मीच फोडला. आत हरकतीचे मुद्दे होते आणि मागे पुरावा. माझ्या लेखाची झेरॉक्स, माझं चित्र, माझं नाव. त्यापुढे इंग्रजी भाषांतर. अर्जाच्या तारखेआधीच ही वस्तू छापून प्रसिद्ध झालेली आहे, सबब ती नवी नाही. एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पुढच्याच पानावर त्यांच्याच वर्कशॉपच्या हार्दिक शुभेच्छा होत्या, त्यांचीही झेरॉक्स जोडलेली होती.

कायद्याने आमच्या स्मरणिकेला पुस्तकाचा मान दिला होता. मी दिला नव्हता.

लिफाफा घेऊन मी एकटीच विष्णुपुरीला गेले. सरांनी सगळं वाचलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंय?" मी मान हलवली. ते बराच वेळ चित्र बघत राहिले. "फार चांगलं काढलंय. इतकं चांगलं नसतं तर काहीतरी म्हणता आलं असतं. यावरून कुणीही लोहार ही वस्तू बनवील." मग म्हणाले, "त्या दिवशी सांगायला हवं होतंत. यात सोडणी नाही. सोडणी नंतरची आहे. आपण अर्ज फक्त सोडणीवर केला असता, तो कुणाला हलवता आला नसता."

"आता?"

"आता आपल्या अर्जात ती एका ओळीत आहे, जमल्यास बसवावी अशी. मला वाटलं धरणं हीच नवी गोष्ट आहे, सगळा जोर त्यावर दिला. आणि सोडणी आता तीन वर्षं गावोगाव फिरते आहे, वर्षभराची सवलत कधीच संपली." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "सांगितलं का नाहीत?"

मी म्हणाले, लक्षात आलं नाही. त्यांनाही मी खरं सांगितलं नाही. जयंती हा शब्द झेरॉक्सच्या डोक्यावर ठळक छापलेला होता, तो त्यांनी वाचला असणारच. त्यांनी चहा मागवला, पूर्वीसारखाच. त्यांच्यात काही बदललं नाही. ज्या गोष्टीला मी भ्याले होते ती त्या खोलीत कधी नव्हतीच.

संध्याकाळी घरी आले. आबा अंगणात बसून दुसऱ्या दिवशीसाठी पान्हे पुसत होते. पाणी पुन्हा खाली गेलं होतं, चाकूरच्या बाजूची गावं ओरडत होती. मी त्यांना सगळं सांगितलं. हरकत काय, पुरावा काय, सर काय म्हणाले. फक्त त्या मनगटाचं सोडून.

आबांनी ऐकून घेतलं. पिशवीतून स्मरणिका काढली. मुखपृष्ठ आता निळं राहिलं नव्हतं, काळपट झालं होतं. पान आपोआप त्याच जागी उघडलं.

"म्हंजे छापलं म्हणून गेलं."

"हाव."

"अन् त्या दिशी दाखवलं असतं तर सोडणी तरी आपली ऱ्हायली असती."

ते चित्राकडे बघत होते.

"मी काढून राहिलो व्हतो," ते म्हणाले. "तू हात धरलास. मला वाटलं, शिकलेल्या माणसापुढं काय दाखवावं अन् काय न्हाई हे तुला ठावं असंल."

"आबा, मला लाज वाटली."

हे मी म्हणाले. आयुष्यात एकदाच म्हणाले. आबांनी डोकं वर केलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. त्या म्हातारीने दांडा धुतला तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला असेल, असं मी ड्रायव्हरची गोष्ट ऐकल्यापासून मनात कल्पना करत आले होते. तो चेहरा मी त्या संध्याकाळी प्रत्यक्ष बघितला, आणि तो माझ्याकडे बघत होता.

पान्हे पुसून झाल्यावर आबांनी ते एका सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरले. सकाळी जीप आली तेव्हा ते पोतं खांद्यावर टाकून गेले. खाकी पिशवी अंकासकट खुंटीला होती. पुढे रिटायर होईपर्यंत त्यांनी ती पुन्हा कामावर नेली नाही.